शुक्रवारी मरायची भीती

योएल झिराडकरांना जाऊन आज महिना झाला. मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर पानभर लेख आलाय, आणि त्या पानावर फोटो आहे तो एका लॉर्डसाहेबांचा. योएलकाका त्याच फोटोत डाव्या कडेला आहेत, अर्धा खांदा आणि एक कान एवढेच. लेखात लॉर्डसाहेबांचं नाव सात वेळा, काकांचं दोनदा. मी मोजलं. तेव्हा जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की वहीत चार ओळी लिहायची माझी जुनी सवय आहे. आज चार ओळींत भागायचं नाही.

काका आमचे शेजारी, भिंतीला भिंत. मूळ माझगावचे, बेने इस्राएल. म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. काकांना ह्या नावाचा कोण अभिमान. बाविसाव्या वर्षी इंग्लंडला आले आणि एकतीस वर्षं बसच्या गॅरेजमध्ये टाइमटेबलं केली. नुसती टेबलावर बसून नाही. आठवड्यातले दोन दिवस हातात घड्याळ घेऊन स्टॉपवर उभे राहायचे, बस खरंच येते का बघायला. "कागदावर बस सगळेच पळवतात," म्हणायचे. त्यांची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि चोख. इथल्या चाळीस वर्षांत माझ्या मराठीचं 'फ्रीझरमध्ये टाक' आणि 'सर्जरीला फोन कर' असं होऊन बसलं. त्यांच्या बोलण्यात मात्र अजून पाट, वेळणी, न्याहारी होती.

त्यांची बायको सॅलीकाकू. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या पहिल्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सुट्टीच्या सोमवारच्या, आधीच्या शुक्रवारी, दुपारी अडीचला, ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. पुढचे अकरा दिवस ती शवागारात होती.

का, तर आधी तिच्या नेहमीच्या डॉक्टरने सही करायची. तो आठवड्यातून तीन दिवस येणारा, बुधवारपर्यंत रजेवर. त्याची सही झाली की नव्या नियमाप्रमाणे दुसऱ्या एका डॉक्टरने ते कागद तपासायचे. त्याचं ऑफिस शनिवार-रविवार बंद. बुधवारी कागद गेला, शुक्रवारी एका शब्दासाठी परत आला, आणि पुन्हा शनिवार उजाडला. नियम वाईट नाही म्हणे. कुणा डॉक्टरने पेशंटचा जीव घेऊन लपवू नये म्हणून आणलाय. मान्य. पण माणसं शनिवारीही मरतात, एवढं तरी नियम करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

ज्यू लोकांत माणूस गेला की शक्यतो दुसऱ्या दिवशी माती द्यायची. सात दिवसांचं दुखवट्याला बसणं असतं ते मातीनंतर सुरू होतं. माती होईपर्यंत घरच्याला धड रडायची मुभा नाही. त्याने प्रार्थना करायची नाही, मांस-दारू घ्यायची नाही, कुणी सांत्वनाला यायचं नाही. आपल्यात सुतक निदान श्वास थांबला त्या घटकेपासून लागतं, माणसाला आपण कुठे आहोत हे कळतं. काका अकरा दिवस कुठेच नव्हते. मी ताट घेऊन जायची तर दारातच म्हणायचे, "ठेव तिथे. अजून माझी बायको मेलेली नाही, सुहासिनी. सरकारचं म्हणणं आहे तसं."

काकांचं स्वतःचं हृदय तेव्हाच पाव ताकदीवर चालत होतं. कन्सल्टंटने वर्ष सांगितलं होतं, फार तर दीड. सात दिवस बसून उठले त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आमचे हे, चंद्रशेखर, निवृत्त डॉक्टर. त्यांच्यासमोर बसून काका म्हणाले, "डॉक्टर, मला मरायची भीती नाही. शुक्रवारी मरायची आहे."

"असं कसं ठरवता येईल, काका?" हे म्हणाले.

"माझं मरणं ठरवता येत नाही. त्यांचं ऑफिस उघडं ठेवणं ठरवता येतं."

एवढीच मागणी. शनिवार-रविवारी एक डॉक्टर आणि फोन उचलणारं एक माणूस बसवा, आणि ते कायद्याने बसवा.

त्यांनी आधी आमच्या भागाच्या खासदाराला लिहिलं. त्याचं उत्तर आलं त्यात सॅलीकाकूला 'तुमची आई' म्हटलं होतं. मग मंडळाचा अध्यक्ष श्रीनिवास पुढे झाला. ह्या श्रीनिवासला मी वाईट म्हणणार नाही, कारण वाईट असायलाही थोडं डोकं लागतं. पाडव्याच्या कार्यक्रमाला त्याने एक लॉर्डसाहेब आणले होते. त्यांना फेटा बांधला, आमच्याकडून पुरणपोळी खाऊ घातली, आणि साहेबांनी तूप लागलेल्या बोटांनी छातीला हात लावून सांगितलं की माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणाऱ्याला मतदार नसतात. त्याला कुणी निवडून देत नाही आणि कुणी काढत नाही. त्यामुळे त्याला कुणीही पत्र लिहू शकतं, आणि कुणालाही उत्तर न देणं त्याला परवडतं.

काकांनी लिहिलं, आणि ह्या साहेबांनी मात्र उत्तर दिलं. लॉर्डसाहेबांनी सरकारला लेखी प्रश्न टाकला: मृत्यूपासून अंत्यसंस्काराची परवानगी मिळेपर्यंत किती दिवस जातात? दहा कामाच्या दिवसांत मंत्र्याने उत्तर द्यायचं असतं. दहाव्या दिवशी, जूनमध्ये, उत्तर आलं. काकांनी भिंग लावून वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. एकच ओळ होती. ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.

मी म्हटलं, "बघा. दहा दिवस लागले ह्यांना 'आम्हाला ठाऊक नाही' लिहायला."

"नाही गं," काका म्हणाले. "वाईट उत्तर नाही हे. त्यांच्याकडे नाही ना? आपण देऊ."

आणि ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस, पायाला सूज, खिशात गोळ्यांची डबी, घरोघर जायला लागला. ज्यू घरं, आपली घरं, मशिदीतल्या मंडळींची घरं. बेल वाजवायचे, चहा नको म्हणायचे, दोन तारखा विचारायचे: माणूस गेलं कधी, कागद मिळाला कधी. आपल्या लोकांच्या तारखांसाठी ते माझ्याकडे आले, कारण आमच्या गावात कुणाकडे गमी झाली की पहिल्या दिवशीचा पिठलं-भात माझ्याकडून जातो आणि तो कधी गेला ते वहीत असतं. हिंदू घरांच्या बहुतेक नोंदी माझ्या. दोन महिने आम्ही जेवणाच्या टेबलावर यादी केली. मी वाचायची, ते लिहायचे. शहाण्णव घरं झाली.

मुलगी अदीना लीड्सला शिक्षिका आहे, ती फोनवर माझ्यावरच घसरली. "आंटी, डॅडला तू थांबव ना. त्याची हार्ट वीक आहे. तो जिने चढतो लोकांची."

"तो माझं ऐकतो होय?" मी म्हटलं.

"माझी पण नाही ऐकत."

"मग आपण दोघी गप्प बसू."

नोव्हेंबरात लॉर्डसाहेबांचा निरोप आला की सभागृहापुढे एक विधेयक आहे, त्यात ते दुरुस्ती सुचवणार आहेत: शनिवार-रविवारची सोय सरकारवर बंधनकारक करावी. मी यादी वापरीन, म्हणाले. श्रीनिवासने लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'ऐतिहासिक दिवस'. काकांनी कोट इस्त्रीला दिला.

आम्ही चौघं ट्रेनने गेलो. काका, हे, श्रीनिवास आणि मी. माझी एकादशी होती, डब्यात शेंगदाण्याचा लाडू घेतला होता, तो गेटवरच्या मशीनमधून दोनदा गेला. आत सगळं लाल आणि सोनेरी. पण दुरुस्तीची चर्चा त्या लाल सभागृहात नव्हतीच, ती बाजूच्या एका दालनात होती. मोझेस रूम म्हणतात त्याला. भिंतभर चित्र आहे, मोशे डोंगरावरून देवाच्या आज्ञांचे दगड घेऊन उतरतोय. काका त्या चित्राखाली बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्याने दहा आणले होते. ह्यांना एक झेपतो का बघू."

लॉर्डसाहेब बोलले छान. बोलायला त्यांना काय जातं. सॅलीकाकूचं नाव घेतलं, अकरा दिवस म्हणताना आवाज खाली आणला. मग आणखी तिघे-चौघे बोलले, प्रत्येकाने आधीच्या प्रत्येकाचं भाषण हृदयस्पर्शी असल्याचं सांगितलं. एकजण डोळे मिटून होते, चिंतन असावं. कोपऱ्यात एक म्हातारी बॅरोनेस, म्हणजे लॉर्डबाई, होती, कुठल्याच पक्षाची नसलेली, तरुणपणी नर्स होती म्हणे. तिने उठून एवढंच विचारलं, "सगळ्यांत जास्त दिवस थांबलेलं माणूस किती दिवस थांबलं, हे मंत्र्यांना ठाऊक आहे का?" आणि पर्स मांडीवर ठेवून बसली.

मंत्री उठले. त्यांच्या फायलीला रंगीत चिठ्ठ्या. पिवळी उघडली की गहिवर, निळी उघडली की नकार. सॅलीकाकूबद्दल अत्यंत दुःख झाल्याचं पिवळीवरून वाचून त्यांनी निळी काढली. म्हणाले, सन्माननीय लॉर्डांच्या यादीबद्दल खात्याने तपासणी केली आहे. शहाण्णवपैकी एकोणीस नावांच्या मृत्यूच्या तारखा सरकारी नोंदीशी जुळत नाहीत. एका दिवसाचा फरक आहे. अशा सदोष माहितीच्या आधारे कायदा करणं योग्य ठरणार नाही.

बॅरोनेसच्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. त्याची चिठ्ठी लावलेली नसावी.

मला बसल्या जागी कळलं काय झालंय ते. आपल्यात वार सूर्योदयाला बदलतो. बुधवारी पहाटे चारला कुणी गेलं की माझ्या वहीत मंगळवार. मी जन्मभर तसंच लिहीत आले, आणि वाचताना एकदाही मनात आलं नाही की सरकारचा दिवस घड्याळात बाराला बदलतो. काकांच्या घरांचं उलटं. त्यांच्यात दिवस सूर्य मावळला की संपतो, आणि वर्षश्राद्धासाठी घरच्यांच्या लक्षात तोच दिवस राहतो. डिसेंबरात इथे चारच्या आत अंधार. म्हणजे दुपारच्या चहाच्या वेळी गेलेला माणूस त्यांच्या हिशेबी उद्याचा. आम्ही दोघांनी देवाच्या घड्याळाने यादी केली होती, आणि ती नेऊन दिली होती कुणाला.

लॉर्डसाहेब लाल झाले. त्यांनी यादी स्वतः एकदाही उलगडून पाहिली नव्हती, ते त्या क्षणी भिंतीवरच्या मोशेलाही कळलं असेल. उठले आणि म्हणाले, मंत्रिमहोदयांच्या सहृदय उत्तराबद्दल मी ऋणी आहे. सरकार हा विषय नजरेसमोर ठेवील ह्याचा मला आनंद आहे. माझी दुरुस्ती मागे घेण्याची मी परवानगी मागतो.

परवानगी मिळाली. तिला कुणाची ना नव्हती.

बाहेर पडताना काकांनी दारावरच्या काळ्या कोटवाल्याला विचारलं, "मत कधी घेणार होते? साहेबांनी माघार घेतली नसती तर?"

"ह्या रूममध्ये मत घेत नाहीत, सर," तो म्हणाला. "कधीच नाही. दुरुस्ती इथे मागेच घ्यावी लागते."

म्हणजे माघार घेण्यासाठीच ती खोली. लॉर्डसाहेबांना ते माहीत होतं, मंत्र्यांना माहीत होतं, डोळे मिटून बसलेल्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पाव हृदयाच्या एका म्हाताऱ्याला, ज्याला त्यांनी बघायला बोलावलं होतं. तेवढ्यात श्रीनिवास लॉर्डसाहेबांना घेऊन आला. "काका, जरा इकडे सरका. नाही, तिकडे. साहेब मध्ये." अंकात छापलाय तो हाच फोटो.

परतीच्या ट्रेनमध्ये मी रडकुंडीला आले. "काका, माझ्यामुळे झालं. अकरा-बारा तरी माझ्याच असतील त्यातल्या."

"आठ माझ्या घरांच्या," काका म्हणाले. "तू स्वतःला फार मोठी समजू नकोस."

"हसू नका हो."

"हसत नाही. विचार करतोय. सुहासिनी, त्यांनी आपल्या तारखा कशाशी ताडून पाहिल्या?"

"सरकारी नोंदीशी. म्हणाले की."

"जूनमध्ये काय लिहिलं होतं आपल्याला?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"माहिती ठेवली जात नाही," काका म्हणाले. "नसलेल्या माहितीशी ताडून एकोणीस चुका काढल्या. माझ्या गॅरेजात असा एक कंडक्टर होता. म्हणायचा, बस आलीच नाही, आणि आली तेव्हा भरलेली होती."

त्यांनी लॉर्डसाहेबांना दुसऱ्याच दिवशी पत्र टाकलं. उत्तर नाही. आठवड्याने दुसरं टाकलं. तिसऱ्या पत्राला सेक्रेटरीचं उत्तर आलं की साहेब नाताळच्या सुट्टीवर आहेत, मात्र त्यांना तो दिवस संस्मरणीय वाटला. दाराचं काय झालं कोण जाणे, पाडव्याला तर सदैव उघडं होतं.

मग काकांनी त्या म्हाताऱ्या बॅरोनेसला लिहिलं. चार दिवसांत तिचं स्वतःच्या हातचं पत्र आलं. 'मिस्टर झिराडकर, मी तिथेच बसले होते आणि माझ्या लक्षात आलं नाही. मला स्वतःची लाज वाटते. तोंडी प्रश्नासाठी नाव दिलं आहे.' त्या सबंध इमारतीत लाज हा शब्द लिहिता येणारी एवढीच बाई असावी.

तोंडी प्रश्न लाल सभागृहात होतो, एकाला दहा मिनिटं. फेब्रुवारीत तिची पाळी आली. तोवर काकांना जिनाही चढवत नव्हता, म्हणून आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप लावला. काका शाल गुंडाळून, हे त्यांच्या बाजूला, मी पोळ्या लाटत.

बॅरोनेस उठली. तोच मंत्री, तीच फाईल. त्यांनी सांगितलं की सरकार कुटुंबांच्या भावनांविषयी अतिशय संवेदनशील आहे. मग ती दुसऱ्यांदा उठली. "जूनमध्ये मंत्र्यांनी लेखी सांगितलं की ही माहिती ठेवली जात नाही. नोव्हेंबरात त्यांनी सांगितलं की शहाण्णव कुटुंबांची माहिती त्यांनी तपासली. मी फार शिकलेली नाही. त्यांनी ती कशाशी तपासली, एवढंच मला समजावून सांगावं."

मग मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, आणि ते हसू सगळ्या सभागृहात पसरलं. मंत्र्यांनी पिवळी उघडली, निळी उघडली. बाजूच्या चौकटीत बसलेल्या अधिकाऱ्यांकडून एक चिठ्ठी आली, ती वाचून त्यांनी खिशात घातली. शेवटी म्हणाले, "मी सन्माननीय बॅरोनेसना पत्राने कळवीन."

"वाजली," काका म्हणाले. मला वाटलं बेल. ते टेबलावर बोटाने टकटक करत होते, बस सोडताना कंडक्टर घंटी देतो तशी. "आता पत्र लिहावं लागेल. आणि पत्रात आकडे घालावे लागतील. नोंदींत तारखा आहेत हे तोंडाने कबूल करून बसलाय."

"पण कायदा?" मी विचारलं.

"कायदा माझ्या आयुष्यात होत नाही. पोळी दे."

पत्र पाच आठवड्यांनी आलं. आकडे होते. वाचून ह्यांनी चष्मा काढून ठेवला. आमच्या अकरा दिवसांना लोक नशीबवान म्हणतील असे आकडे होते. दोन वर्तमानपत्रांनी छापले, आणि जी गोष्ट कायद्याने करणं अशक्य, खर्चिक, अव्यवहार्य होती ती महिन्याभरात काही भागांत 'प्रायोगिक तत्त्वावर' सुरू झाली. आमचा भाग त्यात होता. शनिवार-रविवारसाठी एक फोन नंबर. एवढ्या मोठ्या राज्याकडून, एवढ्या लाल गालिच्यावरून, एक फोन नंबर.

श्रीनिवासने ग्रुपवर लॉर्डसाहेबांचं अभिनंदन केलं. साहेबांनी उलट टपाली मान्य केलं की मी चालवलेल्या लढ्याला यश आलं.

काकांनी मला शनिवारी बोलावून घेतलं. "फोन कर त्या नंबरवर."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. उचलतात का बघ. शनवार तेली मी, मला आज फोनला हात लावता येत नाही."

"अहो, असं उगाच कसं करू? काय सांगू त्यांना?"

"विचार, चालू आहात का. मी एकतीस वर्षं बसला हेच विचारत आलो."

मी केला. सोळा वेळा वाजून बंद झाला. पुढच्या शनिवारी सकाळी केला, टेप लागली, कामकाजाच्या दिवशी फोन करा म्हणून. नऊ शनिवारांत, वेळ बदलून बदलून, पाच वेळा माणूस बोललं आणि चार वेळा नाही. ते सगळं मी लिहून ठेवलं, ह्या वेळी घड्याळाच्या तारखेने. काकांनी यादी बॅरोनेसला धाडली. तिने ती खात्याला धाडली आणि खाली एक ओळ लिहिली, की पुढचा तोंडी प्रश्न मी ह्याच यादीवर विचारू का? दहाव्या शनिवारी फोन दुसऱ्या रिंगला उचलला. अकराव्यालाही. बाराव्यालाही. सरकारकडे सहृदयता भरपूर आहे, पण ती पिवळ्या चिठ्ठीवर असते. काम होतं ते दहा मिनिटं उभं राहून लोकांसमोर हसं होईल ह्या धास्तीने.

काका जूनमध्ये गेले. शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमाराला. मी शेवया घेऊन गेले होते. त्यांनी डोळे उघडले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "बघ, साधला ना शुक्रवार." तासाभरात संपलं. हे शेजारी होते, पण निवृत्त डॉक्टरला सहीचा अधिकार नाही. सर्जरी, म्हणजे इथला डॉक्टरचा दवाखाना, तोवर बंद झाली होती. अदीना रात्री पोचली. सगळं अगदी सॅलीकाकूच्या वेळेसारखं.

शनिवारी सकाळी आंघोळ करून देवाला हात जोडले आणि नऊच्या ठोक्याला फोन केला. अदीना समोर बसलेली होती. तीन वेळा वाजला.

"गुड मॉर्निंग, लिन बोलतेय."

मी फक्त 'हॅलो' म्हटलं. तीच म्हणाली, "आपणच ना, दर शनिवारी फोन करणाऱ्या? चालू आहोत आम्ही, मॅडम."

"आज खरंच आहे," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "मिस्टर झिराडकर?"

त्या शनिवारांच्या यादीवरून तिला नाव ठाऊक होतं. तिने अकरापर्यंत ड्यूटीवरचा डॉक्टर पाठवला, दुपारी दुसऱ्या डॉक्टरने कागद बघितले, संध्याकाळी सही झाली. रविवारी दुपारी दोनला काकांना सॅलीकाकूच्या शेजारी माती मिळाली. आमच्या ह्यांनीही तीन फावडी लोटली. अदीना त्याच दिवशी घरी जाऊन जमिनीवर बसली आणि रडली, कुणालाही न विचारता.

माती होत होती तेव्हा फाटकाशी एक व्हॅन आली. लॉर्डसाहेबांनी पुष्पचक्र पाठवलं होतं, छकड्याच्या चाकाएवढं, पांढऱ्या लिलींचं. वर कार्ड, 'संघर्षातल्या माझ्या सहकाऱ्यास'. ज्यू दफनभूमीत फुलं आणत नाहीत. एवढं महिनोन् महिने ज्याचं दुःख वाचून दाखवलं त्याच्याबद्दल कुणालाही विचारलं असतं तर समजलं असतं. राखणदार चक्र उचलून फाटकाबाहेर ठेवून आला, भिंतीला टेकवून. श्रीनिवास त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढत होता. आम्ही हात धुतले आणि त्याच्या पुढून निघून गेलो.